एनएफएलवर पैज लावायचीच असेल, तर आधी भाव वाचायला शिका

अमेरिकेत नव्याने आलेला आपला माणूस पहिला सीझन एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या अमेरिकन फुटबॉलचे नियम समजून घेण्यात घालवतो. दुसऱ्या सीझनला ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने फोनवर अ‍ॅप घेतो आणि रविवारी दुपारी एकच्या आत पाच संघांची पार्ले (सगळे जिंकले तरच पैसे देणारी जोडपैज) लावून मोकळा होतो. पाचातले चार संघ त्याला साथ देतात, पाचवा बुडवतो, आणि ‘थोडक्यात हुकलं’ म्हणत तो पुढच्या रविवारची वाट बघतो. खरं तर थोडक्यात काही हुकलेलं नसतं. त्या पैजेचा भावच मुळात वाईट होता, पाचही जिंकले असते तरी.

चीफ्स बरे की बिल्स, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आधी लाखो लोकांनी पैसे लावून दिलेलं असतं आणि ते भावात मुरलेलं असतं. म्हणून ‘कोण जिंकणार’ यापेक्षा ‘या भावात ही पैज घेण्यासारखी आहे का’ हे विचारायची सवय लावायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीसाठी आहेत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. लांब पल्ल्यात बहुसंख्य लोक हरतात, आणि त्यात फुटबॉल उत्तम कळणारेही असतात. हा लेख वाचून तुम्ही जिंकायला लागाल असं मी म्हणणार नाही. कमी हराल आणि का हरलात ते तुम्हाला कळेल, एवढं नक्की. यातून घरभाडं काढायचा विचार असेल तर इथेच थांबा.

पायरी १: आपण उभे कुठे आहोत ते बघा

१९९२ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे नेवाडासारखे मोजके अपवाद सोडता अमेरिकेत खेळांवरची पैज बंद होती. न्यू जर्सीने तो कायदा कोर्टात खेचला आणि मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हापासून प्रत्येक राज्य आपापला निर्णय घेतं. आज तीसहून अधिक राज्यांत परवानगी आहे; कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन मोठ्या राज्यांत मात्र पैजा घेणारी परवानाधारक कंपनी, म्हणजे स्पोर्ट्‌सबुक अजून नाही. न्यूयॉर्कमध्ये मोबाइलवरून पैज जानेवारी २०२२ पासून सुरू झाली. वयाची अट बहुतेक ठिकाणी २१ पूर्ण. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नसतं, पैज लावताना तुमचा फोन कुठे आहे हे अ‍ॅप तपासतं.

स्थानिक गमतीही असतात. न्यू जर्सीत एनएफएलवर हवं ते लावा, पण राज्यातल्या कॉलेज संघांवर पैज चालत नाही. म्हणजे एडिसनमध्ये बसून शेजारच्या रट्‌गर्सवर एक डॉलरही लावता येणार नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहेच, त्यात २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. परदेशी साइटवर खातं उघडून पुण्यातून पैज लावायच्या फंदात पडू नका. चुलतभाऊ जर्सी सिटीला आहे म्हणून त्याच्या खात्यावरून लावायची शक्कल तर दोघांच्याही अंगाशी येते. खातं गोठलं की आतले पैसे सोडवताना नाकी नऊ येतात.

पायरी २: गुण कसे पडतात ते पक्कं करा

टचडाउनचे (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याचे) सहा, त्यानंतरच्या किकचा एक (किंवा किकऐवजी दोन गुणांचा प्रयत्न), फील्ड गोलचे (खांबांमधून मारलेल्या किकचे) तीन, सेफ्टीचे (समोरच्याला त्याच्याच पट्ट्यात पाडण्याचे) दोन. एवढं पाठ असू द्या. पुढचं अर्धं गणित यावरच उभं आहे.

पायरी ३: तीन मूळ पैजा आणि त्यातली दलाली

पहिली पैज स्प्रेडची. ईगल्स -३ असं लिहिलेलं दिसलं तर ईगल्सना तीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकावं लागेल, तरच तुमचे पैसे. समोरच्या संघावर +३ घेतलं तर तो संघ जिंकला किंवा तीनपेक्षा कमी गुणांनी हरला की तुम्ही जिंकलात. बरोबर तीनचा फरक पडला तर पैसे परत. दुसरी मनीलाइन: फक्त कोण जिंकणार, फरक कितीही असो. तिसरी टोटल: दोन्ही संघांचे मिळून गुण अमुक आकड्याच्या वर जाणार की खाली राहणार. जादा वेळेतले गुण तिन्हींत धरले जातात. एनएफएलच्या साखळी फेरीत सामना बरोबरीतही सुटू शकतो (सप्टेंबर २०२५ मध्ये पॅकर्स आणि काउबॉइज ४०-४० वर थांबले), अशा वेळी मनीलाइनचे पैसे सहसा परत मिळतात.

आता आकड्यासमोरचा दुसरा आकडा बघा. स्प्रेड आणि टोटलपुढे बहुधा -११० दिसेल. अर्थ असा की १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. नवखा माणूस याच्याकडे बघतही नाही, आणि बुकची (स्पोर्ट्सबुकची) कमाई सगळी इथेच असते. समजा तुम्ही अशा १०० पैजा लावल्या आणि ५० जिंकल्या. जिंकलेल्यांचे ५,००० आले, हरलेल्यांचे ५,५०० गेले. निम्मे अंदाज बरोबर येऊनही ५०० डॉलरचा खड्डा. बरोबरीत सुटायला १०० पैकी ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात. हा ५२.४ टक्के आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पैसे घेऊन टिप्स विकणारा कुणी ‘आमचे ७० टक्के अंदाज बरोबर’ म्हणाला की या आकड्याशी ताडून बघा. वर्षानुवर्षं ५५ टक्के टिकवणारा माणूस या धंद्यात असामान्य मानतात. ७० टक्केवाल्याला तुमच्या महिन्याच्या वर्गणीची गरज कशाला पडेल?

मनीलाइनचंही टक्क्यांत रूपांतर करायला शिका. भाव उणे असेल तर तो आकडा भागिले तोच आकडा अधिक १००. -१५० म्हणजे १५० भागिले २५०, म्हणजे ६० टक्के. भाव अधिक असेल तर १०० भागिले तो आकडा अधिक १००. +१३० (१०० लावले तर १३० नफा) म्हणजे १०० भागिले २३०, साधारण ४३.५ टक्के. दोन्हींची बेरीज १०३.५ आली. शंभराच्या वरचे ते साडेतीन बुकचे. आता स्वतःला विचारायचं: हा फेव्हरिट (जिंकण्याची जास्त शक्यता मानलेला) संघ दहातून सहापेक्षा जास्त वेळा जिंकेल असं मला खरंच वाटतं का, आणि का वाटतं? ‘का’चं उत्तर सापडलं नाही तर तो सामना नुसता बघायचा.

पायरी ४: तीन आणि सात

फुटबॉलच्या पैजेत कुठलेही दोन आकडे सारखे नसतात. फील्ड गोल तीनचा आणि किकसकट टचडाउन सातचा, त्यामुळे सामन्याचा निकाल या दोन फरकांवर सतत येऊन थांबतो. साधारण सात सामन्यांतला एक बरोबर तीन गुणांच्या फरकाने संपतो. सातचा फरक अकरा-बारा सामन्यांत एकदा. त्याखालोखाल सहा, दहा, चार, चौदा. पाच किंवा नऊ मात्र क्वचित.

म्हणून -२.५, -३ आणि -३.५ हे दिसायला शेजारी असले तरी तीन वेगळ्या पैजा आहेत. तुमचा संघ शेवटच्या मिनिटाच्या फील्ड गोलने २४-२१ जिंकला असं धरा. -२.५ वाल्याला पैसे मिळाले, -३ वाल्याला आपले परत मिळाले, -३.५ वाला हरला. संघ तोच, सामना तोच, तीन माणसांचे तीन निकाल. उलट -४.५ आणि -५.५ यांच्यातल्या एका गुणाला एवढी किंमत नाही.

अर्धा-एक गुण काय करू शकतो याचा लास वेगासमधला नामांकित दाखला जानेवारी १९७९ चा, तेराव्या सुपर बोलचा (एनएफएलच्या अंतिम सामन्याचा) आहे. सुरुवातीला पिट्सबर्ग स्टीलर्स -३.५ होते. पैसा स्टीलर्सवर येत राहिला म्हणून बुकवाल्यांनी आकडा -४.५ पर्यंत सरकवला. मग डॅलस काउबॉइजवर +४.५ ने पैसा आला. निकाल लागला स्टीलर्स ३५, काउबॉइज ३१. फरक बरोबर चार. आधी स्टीलर्स -३.५ घेणारे जिंकले, नंतर काउबॉइज +४.५ घेणारेही जिंकले, मधल्या चारवर ज्यांनी घेतलं त्यांचे पैसे परत गेले. बुकवाले दोन्हीकडून पोळले. वेगासमध्ये त्या दिवसाला आजही काळा रविवार म्हणतात.

यातून नवख्याने एवढंच घ्यायचं: फेव्हरिट घ्यायचा असेल तर -२.५ ला घ्या, -३.५ ला हात आखडा. अंडरडॉग (कमजोर मानलेला संघ) घ्यायचा असेल तर +३.५ किंवा +७.५ शोधा. अ‍ॅपमध्ये जादा दलाली देऊन अर्धा गुण विकत घेता येतो, तो तीनच्या आसपास सोडून कुठेही घेऊ नका. तीनच्या आसपासही बुक त्याची पुरेपूर किंमत लावतं, त्यामुळे बहुतेक वेळा तिथेही नकोच.

पायरी ५: एका बुकवर थांबू नका

मंडईत पहिल्याच गाळ्यावर भाव न विचारता पिशवी भरणारा माणूस घरी बोलणी खातो. पैजेच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच करतो. तुमच्या राज्यात परवाना असलेल्या तीन-चार बुकांत खाती ठेवा. एकाच सामन्याला एका ठिकाणी +३ (-११०), दुसरीकडे +३.५ (-११५), तिसरीकडे +३ (-१०५) असे भाव एकाच वेळी दिसतात. -१०५ ला बरोबरीत सुटायला ५१.२ टक्के पुरतात, -१२० ला ५४.५ टक्के लागतात. फुटबॉलचा अभ्यास न वाढवता, नुसतं दोन मिनिटं अ‍ॅप बदलून हा फरक पदरात पडतो. माझ्या मते नवख्यासाठी एवढा सोपा फायदा या सगळ्या धंद्यात दुसरा नाही, आणि आळसापायी सोडला जाणाराही हाच पहिला.

खातं उघडताना बोनसची जाहिरात असते. ‘बोनस बेट’ जिंकली तर फक्त नफा मिळतो, लावलेली रक्कम परत येत नाही. १०० डॉलरची बोनस बेट -११० वर लावून जिंकलात तर हाती ९१ येतात. त्यामुळे ती कमी भावाच्या फेव्हरिटवर उडवण्यापेक्षा +२५०, +३०० अशा लांब भावावर लावणं हिशेबाने बरं. आणि बोनसच्या अटी वाचा. किती दिवसांत वापरायची, किती वेळा फिरवायची, सगळं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

क्रेडिट कार्डाने पैसे भरू नका. पुष्कळ बँका ती रोख उचल धरतात, म्हणजे वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

पायरी ६: पार्लेचा मोह, टीझरची गोष्ट

पार्लेत सगळे अंदाज बरोबर यावे लागतात, बदल्यात भाव मोठा मिळतो. मोठा वाटतो, पण पुरेसा नसतो. प्रत्येक अंदाज नाणेफेकीसारखा निम्मा-निम्मा धरा. दोन सामन्यांच्या पार्लेचा रास्त भाव एकास तीन. -११० च्या दोन पैजा जोडल्या तर मिळतात साधारण २.६४. शंभर लावल्यामागे सरासरी नऊ डॉलर गेले. तीन सामन्यांना तेरा, चारला सतरा, पाचला जवळपास एकवीस. सरळ पैजेत हेच साडेचार होते. प्रत्येक जोडणीला दलाली दलालीवर चढत जाते. म्हणूनच अ‍ॅप उघडल्या उघडल्या समोर पार्ले येते. ‘आज सगळ्यात लोकप्रिय’ या पाटीखाली बुकच्या फायद्याचा माल असतो.

एकाच सामन्यातले अंदाज जोडून होणारी पार्ले आणखी फसवी. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा म्होरक्या) पासने ३०० यार्ड मिळवणार आणि त्याच्या रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्याचा) टचडाउन होणार, या गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. त्या जोडणीचा भाव बुक आपल्या गणिताने ठरवतं आणि तो तपासायला तुमच्याकडे काही नसतं. मजेसाठी पाच डॉलर लावा, माझी हरकत नाही. फक्त त्याला अभ्यास म्हणू नका.

टीझर जरा वेगळा. दोन सामन्यांत स्प्रेड तुमच्या बाजूने सहा-सहा गुण सरकवून मिळतो, पण दोन्ही जिंकावे लागतात. इथे तीन आणि सात पुन्हा कामाला येतात. -७.५ ते -८.५ मधला फेव्हरिट -१.५ ते -२.५ वर आणला, किंवा +१.५ ते +२.५ मधला अंडरडॉग +७.५ ते +८.५ वर नेला, तर तुम्ही तीन आणि सात हे दोन्ही आकडे ओलांडता. बाकी कुठलाही टीझर, विशेषतः शून्य ओलांडणारा (म्हणजे -३ चा +३ करणारा), पैसे वाया घालवणं आहे. चांगल्या टीझरलाही भाव -१२० असेल तर प्रत्येक बाजू जवळपास ७४ टक्के वेळा यावी लागते. -११० असेल तर ७२.४. पूर्वी -११० सहज मिळायचा. बुकवाल्यांनीही हे गणित केलं आणि भाव वाढवला.

पायरी ७: संघाचं खरं वजन करा

जिंकलेले-हरलेले सामने म्हणजे संघाची ताकद नव्हे. २०२२ चे मिनेसोटा व्हायकिंग्ज बघा. साखळीत १३ विजय, ४ पराभव. कागदावर जबरदस्त. पण वर्षभरात त्यांनी ४२४ गुण केले आणि ४२७ दिले, म्हणजे एकूण गोळाबेरीज उणे तीन! आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने संपलेले त्यांचे ११ सामने होते आणि अकराही त्यांनी जिंकले. त्यातला एक कोल्ट्सविरुद्धचा. मध्यंतराला ०-३३ ने मागे असताना जादा वेळेत ३९-३६ असा जिंकलेला, एनएफएलच्या इतिहासातली सर्वांत मोठी पिछाडी भरून काढणारा सामना. बघायला थरारक, पण पुढच्या सामन्यात लागू पडेल असं कौशल्य त्यातून किती दिसतं? जानेवारीत प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर ते जायंट्सकडून २४-३१ हरले. पुढच्या वर्षी ७ विजय, १० पराभव.

गंमत पुढेच आहे. त्या प्लेऑफ सामन्यात १३ विजयांचे व्हायकिंग्ज, घरचं मैदान, समोर ९ विजय, ७ पराभव, १ बरोबरी असे जायंट्स, आणि स्प्रेड जेमतेम तीनच्या आसपास. म्हणजे बाजाराला हा फुगा आधीच दिसला होता. टीव्हीवरच्या चर्चेत ‘व्हायकिंग्ज इतके स्वस्त का?’ असा प्रश्न पडला असेल तर उत्तर त्या आकड्यातच होतं. एखादा भाव तुम्हाला विचित्र स्वस्त वाटला, तर बुक चुकलं असं समजण्याआधी आपल्याला काय दिसत नाही ते शोधा. नव्वद टक्के वेळा काहीतरी सापडतंच.

मग बघायचं काय? गुणांचा एकूण फरक, प्रत्येक प्लेमागे (एका चालीमागे) मिळवलेले आणि दिलेले यार्ड, आणि जमलं तर ईपीए. ईपीए म्हणजे एका प्लेमुळे संघाची गुण मिळवण्याची अपेक्षा किती वाढली किंवा घटली त्याचं माप. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) दोन यार्ड हवे असताना मिळालेले तीन आणि पंधरा हवे असताना मिळालेले तीन यांत ते फरक करतं. हे आकडे फुकट उपलब्ध असतात.

टर्नओव्हरकडे (चेंडू समोरच्या संघाकडे जाण्याकडे) विशेष संशयाने बघा. चेंडू हातातून सुटणं हा थोडाफार दोषाचा भाग, पण जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो हे जवळजवळ निम्मं-निम्मं नशीब. तीन आठवडे सगळे फंबल (हातातून सुटलेले चेंडू) ज्याच्या वाट्याला आले तो संघ दिसतो त्यापेक्षा कमी चांगला असतो, आणि सोमवारी सकाळी त्याचंच कौतुक चालू असतं.

घरच्या मैदानाला पूर्वी डोळे झाकून तीन गुण द्यायचे. आता दीड-दोन पुरेत. २०२० मध्ये स्टेडियम रिकामी होती तेव्हा यजमान संघ निम्मेच सामने जिंकू शकले.

पायरी ८: आठवडा कसा वाचायचा

पुढच्या आठवड्याचे आकडे साधारण रविवारी संध्याकाळीच लागतात. बुधवार, गुरुवार, शुक्रवार संघांना जखमींची यादी द्यावी लागते. त्यात तीन शब्द महत्त्वाचे: आउट म्हणजे नाहीच, डाउटफुल म्हणजे जवळजवळ नाही, क्वेश्चनेबल म्हणजे सांगता येत नाही. सामन्याच्या ९० मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची पक्की यादी येते. ती बघितल्याशिवाय रविवारी एकच्या सामन्यावर पैज लावणं म्हणजे स्वतःहून पट्टी बांधून बसणं.

सगळे खेळाडू स्प्रेड हलवत नाहीत. नावाजलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बाहेर गेला तर टीव्हीवर गहजब होतो, आकडा अर्धा गुणही सरकत नाही. अव्वल क्वार्टरबॅक गेला तर मात्र पाच-सहा, कधी त्याहून जास्त. या दोघांच्या मध्ये एक जागा आहे जिथे लक्ष द्यायला वाव असतो: ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी. पहिल्या पाचांतले दोन एकदम बसले तर चांगला क्वार्टरबॅकही जमिनीवर लोळत राहतो, आणि या बातमीला मथळा मिळत नाही.

हवामानात पाऊस आणि बर्फाची धास्ती लोक जास्त घेतात. टोटलसाठी खरा शत्रू वारा. ताशी पंधरा मैलांच्या वर सलग वारा असेल तर लांबचे पास आणि लांबचे फील्ड गोल दोन्ही आटतात. ६ डिसेंबर २०२१ ला बफेलोत पेट्रियट्स आणि बिल्स असे खेळले की पेट्रियट्सच्या मॅक जोन्सने अख्ख्या सामन्यात फक्त तीन पास टाकले. तीन! आणि पेट्रियट्स १४-१० जिंकले. एकूण गुण २४. अर्थात असा वारा गुरुवारीच अंदाजात दिसतो आणि टोटल रविवारपर्यंत खाली येते. उशिरा पोचलात तर फायदा आधीच कुणीतरी घेतलेला असतो. छत असलेल्या मैदानावर हा प्रश्नच नाही, म्हणून सामना कुठे आहे हे आधी बघा.

लोकांचा पैसा मुख्यतः फेव्हरिट आणि ओव्हरवर (टोटलच्या वरच्या बाजूवर) येतो आणि तो शनिवार-रविवारी येतो. म्हणून माझी ढोबळ पद्धत अशी: फेव्हरिट आवडला तर आठवड्याच्या सुरुवातीला, अंडरडॉग आवडला तर शक्य तितक्या उशिरा. नियम नाही, कल आहे. साखळीच्या शेवटच्या, अठराव्या आठवड्यात मात्र हात लावू नका. प्लेऑफची जागा पक्की झालेले संघ मुख्य खेळाडूंना बसवतात.

साखळीत एकूण २७२ सामने असतात. त्यातल्या सगळ्यांवर मत असायला तुम्ही स्टुडिओत बसलेले नाही. आठवड्याला दोन-तीन पैजा भरपूर झाल्या, आणि एकही नाही असा आठवडा आला तर तो वाईट आठवडा नव्हे. दोन डिव्हिजन (चार-चार संघांचे गट) निवडून त्यांचे आठ संघ नीट पाठ करणं हे ३२ संघांचं वरवरचं ज्ञान असण्यापेक्षा उपयोगी.

पायरी ९: किती लावायचं

सीझनसाठी एक रक्कम वेगळी काढा. ती पूर्ण बुडाली तरी भाडं, फी, घरी पाठवायचे पैसे यांना धक्का लागणार नाही एवढीच. समजा ती १,००० डॉलर आहे. एका पैजेला त्याचा एक ते दोन टक्के, म्हणजे १० ते २० डॉलर. ‘यावर खात्री आहे’ म्हणून १०० नाही.

हे एवढं कडक का? अगदी नाणेफेकीच्या १०० पैजांतही कुठेतरी सलग सहा हरण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. एवढंच काय, खरोखर ५५ टक्के अंदाज बरोबर येणारा दुर्मीळ माणूसही १०० पैजांनंतर तोट्यात असण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एका सीझनच्या निकालावरून आपण हुशार की मूर्ख हेसुद्धा ठरत नाही.

दुपारचे सामने हरल्यावर रात्रीच्या सामन्यावर दुप्पट लावून भरपाई करायची, हे सगळ्यांत महाग पडतं. रविवारचा रात्रीचा आणि सोमवारचा सामना त्यासाठीच बदनाम आहेत. प्रत्येक परवानाधारक अ‍ॅपमध्ये जमा रकमेची मर्यादा घालायची सोय असते. ती पहिल्याच दिवशी, डोकं शांत असताना घाला. घरच्यांपासून खातं लपवायला लागलात, उधारी करून लावायला लागलात, तर वेळीच १-८०० गॅम्बलर म्हणजे १-८००-४२६-२५३७ या नंबरवर फोन करा. ठरावीक मुदतीसाठी स्वतःला राज्याच्या यादीत टाकून सगळी अ‍ॅप बंद करून घेण्याची सोयही बहुतेक राज्यांत आहे.

पायरी १०: वही आणि कर

एका साध्या शीटमध्ये तारीख, सामना, घेतलेला आकडा, भाव, बुक, रक्कम, निकाल, आणि एक जास्तीचा रकाना: सामना सुरू होताना आकडा कुठे होता. तुम्ही मंगळवारी -२.५ घेतलं आणि रविवारी तो -३.५ वर बंद झाला, तर हरलात तरी पैज चांगली होती. तुम्ही -३.५ घेतलं आणि तो -२.५ वर बंद झाला, तर जिंकलात तरी महाग घेतली. शेवटच्या आकड्यात सगळ्यांची माहिती उतरलेली असते, त्यामुळे या रकान्यावरून तुमची नजर कशी आहे ते निकालांपेक्षा लवकर कळतं. ज्यांचा हा रकाना सातत्याने चांगला असतो त्यांच्या पैजेची कमाल रक्कम काही बुक गुपचूप कमी करतात. तो एक प्रकारचा सत्कारच समजा.

शीट कराच्या वेळीही लागते. अमेरिकेत पैजेतली कमाई करपात्र उत्पन्न आहे, बुककडून कागद येवो न येवो. तोटा वजा करता येतो तो फक्त खर्चांची यादी देऊन विवरण भरणाऱ्यांना, कमाईच्या मर्यादेत, आणि २०२६ पासून तोट्याच्या ९० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे वर्षभरात १०,००० जिंकून १०,००० हरलेल्या माणसालाही १,००० वर कर लागू शकतो. एफ-१ व्हिसावर आलेले आपले विद्यार्थी पहिली पाच वर्षं कराच्या दृष्टीने सहसा अनिवासी असतात; त्यांना तोटा वजा करताच येत नाही आणि जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर बसतो. त्या दराने ५२.४ चं सगळं गणितच कोसळतं, तेव्हा विद्यार्थ्यांनी सामना मित्रांबरोबर बघावा आणि पैज विंग्जच्या बिलाची लावावी.